आरोग्य आणि अध्यात्म : बरे होणे आणि निवणे

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, बडोद्यासारख्या नगरीत, शंभर वर्षे मराठी पुस्तकांचा संसार सांभाळणाऱ्या या संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहताना मनात कृतज्ञतेची भावना आहे. ‘आरोग्य आणि अध्यात्म’ हा विषय कार्यकारी मंडळाने सुचवला. मी वैद्य नाही आणि प्रवचनकारही नाही. मराठी भाषेचा आणि साहित्याचा एक अध्यापक आहे. तेव्हा आपल्या परिचयाच्या वाटेने, म्हणजे शब्दांच्या वाटेने, या विषयाकडे जावे असे मी ठरवले आहे.

आज ‘आध्यात्मिक’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर जपमाळ, ध्यान, प्रवचन, समाधी अशा गोष्टी येतात. देहाशी त्याचा संबंध तुटलेला आहे, किंबहुना देहाचा विसर म्हणजेच अध्यात्म, अशी आपली समजूत असते. परंतु आपण समर्थ रामदासांच्या दासबोधाचा तिसरा दशक उघडला, तर तेथील सहाव्या समासाचे नाव ‘आध्यात्मिक ताप’ असे आढळते. या समासात समर्थ काय सांगतात? ते रोगांची यादी देतात! खरूज, नारू, देवी, गोवर अशी एकामागून एक दुखणी समर्थांनी तेथे ओवली आहेत. आपलाच देह, आपली इंद्रिये आणि आपला प्राण यांच्या योगाने जे सोसावे लागते तो आध्यात्मिक ताप, इतर प्राण्यांपासून व बाह्य पदार्थांपासून होतो तो आधिभौतिक, आणि दैवी सत्तेकडून येतो तो आधिदैविक, अशी ही तीन तापांची मांडणी आहे. पुढचे दोन समास या उरलेल्या दोन तापांना दिलेले आहेत.

ही विभागणी समर्थांनी नव्याने केलेली नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचा आरंभच मुळी त्रिविध दुःखाच्या उल्लेखाने होतो. त्यावरील टीकाकारांनी आध्यात्मिक दुःखाचे आणखी दोन भाग पाडले: एक शारीर, ते वात, पित्त, कफ यांच्या वैषम्यातून उपजणारे, दुसरे मानस, ते काम, क्रोध, लोभ, भय यांतून उपजणारे. म्हणजे पोटातला शूळ आणि मनातला मत्सर ही दोन्ही दुखणी आपल्या पूर्वसूरींनी एकाच शब्दाखाली मांडली. ‘अध्यात्म’ याचा एक मूळ अर्थ ‘आपल्या ठायी असलेले’ एवढाच आहे. जे माझ्या आत आहे ते आध्यात्मिक, मग तो ताप असो वा तापाचे शमन.

दुसरा शब्द ‘स्वस्थ’. या शब्दाने मराठीत मोठी गंमत केली आहे. ‘स्वास्थ्य’ म्हटले की आपण प्रकृतीविषयी बोलतो, ‘अस्वस्थ’ म्हटले की बहुधा मनाच्या तगमगीविषयी, आणि ‘स्वस्थ बसा’ म्हटले की नुसते गप्प राहण्याविषयी! मुळात स्वतःच्या ठिकाणी स्थिर असलेला तो स्वस्थ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात स्वस्थ पुरुषाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांचे साम्य तर सांगितलेच आहे, पण त्यावर न थांबता आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नता हीही आरोग्याची अट म्हणून घातली आहे. शस्त्रक्रियेचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या ग्रंथाला शरीराचे यंत्र नीट चालणे एवढेच आरोग्य पुरेसे वाटले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आधुनिक जगालाही हा प्रश्न पडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिच्यात आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा वा दौर्बल्याचा अभाव नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती होय, अशी व्याख्या आहे. पुढे १९८४ साली संघटनेच्या महासभेने आरोग्याच्या आध्यात्मिक अंगाची दखल घेणारा ठराव केला. १९९८ साली व्याख्येतच ‘आध्यात्मिक’ हा शब्द घालावा अशी सूचना कार्यकारी मंडळाकडून पुढे आली. मात्र ती घटनादुरुस्ती झाली नाही. व्याख्या आजही १९४८ चीच आहे. हा शब्द घालावा की घालू नये, याबद्दल जगातील राष्ट्रांचे एकमत होऊ नये यात नवल नाही. कारण शब्द घातला की पुढचा प्रश्न येतो: हे मोजायचे कसे?

या प्रश्नाशी आपल्या बडोद्याचे फार जवळचे नाते आहे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी येथून जवळच डभोई येथे एका मराठी कुटुंबात जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. बडोदा कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी शरीर कमावले आणि नंतर नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदास महाराजांकडून योगाची दीक्षा घेतली. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. गुरूवर त्यांची अढळ श्रद्धा होती. तथापि गुरूंनी शिकवलेल्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासून पाहण्यात श्रद्धेचा भंग होतो, असे त्यांना वाटले नाही. १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रियांची तपासणी केली. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. नौलीच्या वेळी आतड्यात निर्माण होणारा उणा दाब त्यांनी मोजला आणि त्याला आपल्या गुरूंचे नाव दिले.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. प्राणायामात शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक प्राणवायू मिळतो, अशी समजूत तेव्हा होती, आजही आहे. कुवलयानंदांच्या प्रयोगांत ती टिकली नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी इतरत्र शोधले. स्वतः योगी असलेल्या माणसाने योगाविषयीची एक लोकप्रिय समजूत प्रयोगाअंती बाजूला ठेवावी, याला मी सत्यनिष्ठा म्हणतो. आणि सत्यनिष्ठा हे अध्यात्माचे पहिले अंग नव्हे काय?

हीच दृष्टी ठेवून अलीकडच्या संशोधनाकडे पाहावे. दोनच उदाहरणे देतो, कारण ती एकमेकांविरुद्ध बोलतात असे वाटते. २००६ साली अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांपैकी काहींसाठी दूरवरच्या अनोळखी भाविकांनी नित्य प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ठाऊक नव्हते, अशा दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले: एकात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. प्रार्थना होते आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते त्यांच्यात ते ५९ टक्के, म्हणजे अधिकच निघाले! आता दुसरे उदाहरण. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७४,५३४ अमेरिकन परिचारिकांची सोळा वर्षांची माहिती तपासली गेली. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा सामुदायिक उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी आढळले.

यातले खरे काय मानायचे? माझ्या मते दोन्ही. पहिल्या प्रयोगात प्रार्थना करणारा आणि रुग्ण यांचा काही संबंधच नव्हता. एक नाव आणि एक यादी, एवढेच. दुसऱ्या पाहणीतील स्त्रिया मात्र स्वतः उठून, चालत, चार माणसांत जात होत्या. त्यांच्यात धूम्रपान कमी होते, नैराश्य कमी होते, हाक मारल्यावर धावून येणारी माणसे अधिक होती. अशी पाहणी कारण सिद्ध करीत नाही, केवळ संबंध दाखवते, हेही सांगितले पाहिजे. जी आधीच धडधाकट आहे तिलाच उपासनेला जाता येते, ही शंका संशोधकांनीही विचारात घेतली आहे. तरीही एवढे म्हणता येईल की अध्यात्म जेव्हा माणसाच्या दिनक्रमात, सवयींत आणि सोबतीत उतरते तेव्हा त्याचा देहाला उपयोग होतो. ते दुरून पाठवलेल्या औषधाच्या पुडीसारखे काम करील अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

आपल्या वारकरी संप्रदायाने हे न मोजताच ओळखले होते. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. पालखीबरोबर ती पायी चालायची, एकट्याने नव्हे तर दिंडीत. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य आणि मांस वर्ज्य. एका माळेने किती घरांतील दारू सुटली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु माळ घातलेला माणूस गुत्त्याच्या दिशेने निघाला, तर त्याला अडवणारे अख्खे गाव असे, ही त्या माळेची खरी शक्ती. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या चळवळीतही आपल्याहून थोर अशा शक्तीपुढे नम्र होणे, आणि त्याच व्यसनातून गेलेल्या माणसांच्या संगतीत नित्य बसणे, अशी दोन सूत्रे आहेत. ती शक्ती कोणती, हे ज्याचे त्याने ठरवावे. दिंडी आणि ही बैठक यांच्यात भाषेचे, धर्माचे, देशाचे अंतर असले तरी आतला धागा मला एकच दिसतो.

श्रोतेहो, इथपर्यंत आपल्याला ऐकायला बरे वाटेल असे मी बोललो. आता थोडे कटू बोलायला हवे. अध्यात्माच्या नावाने आरोग्याचे नुकसानही होते, आणि ते आपल्या घरांतच होते. माझे एक सेवानिवृत्त स्नेही मधुमेहाच्या गोळ्या नियमाने घेत. एका सत्संगात त्यांना कोणीतरी सांगितले की नामस्मरण वाढवा, गोळ्यांची गरज उरणार नाही. त्यांनी गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. नाम घेणे चांगलेच. परंतु नामाला गोळीच्या जागी बसवणे हा नामाचाही अवमान आहे.

दुसरे नुकसान अधिक सूक्ष्म आहे. माझ्या एका आप्त भगिनीला कर्करोग झाला. भेटायला येणारी मंडळी प्रेमळ होती, पण जाता जाता ‘काय करणार, भोग असतात एकेकाचे’ असे म्हणून जात. एकदा ती मला म्हणाली, ‘दुखण्यावर डॉक्टरांची गोळी आहे. या बोलण्यावर मी काय घेऊ?’ तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण तेव्हापासून कोणाच्या आजारपणात ‘भोग’ हा शब्द उच्चारायचा नाही, असा माझ्यापुरता नियम मी केला आहे.

या विचाराची सर्वांत दारुण किंमत कुष्ठरोग्यांनी मोजली. शतकानुशतके त्या रोगाला पापाचे फळ मानले गेले, ‘महारोगी’ म्हणून माणसे गावाबाहेर टाकली गेली. वास्तविक तो एका जंतूपासून होणारा रोग आहे, आणि बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. हे कोडे सोडवले विज्ञानाने. परंतु औषध हाती येण्यापूर्वी त्या माणसांना हात लावला कोणी? संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. ज्यांचे शिक्षण आपल्या बडोद्यात झाले त्या विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. पुढे वरोड्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. अध्यात्माच्या एका विपर्यासाने ज्यांना टाकले, त्यांना अध्यात्माच्याच खऱ्या अर्थाने जवळ घेतले.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. खरा आध्यात्मिक पुरुष आजारी पडत नाही, पडला तर त्याची साधना कमी, अशी एक समजूत असते. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला होता. डॉ. महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करीत, आणि उपचारांच्या जोडीने त्यांच्याशी तासन् तास वादही घालीत. १८८६ साली त्याच आजारात परमहंसांचा देह पडला. रमण महर्षींच्या डाव्या हाताला गाठ आली. १९४९ मध्ये तिच्यावर एकाहून अधिक वेळा शस्त्रक्रिया झाल्या आणि १९५० च्या एप्रिलमध्ये ते गेले. या दोघांनी डॉक्टरांना दार बंद केले नाही. रोग त्यांना झाला, वेदनाही झाल्या. तरी भोवतालची माणसे त्यांच्याजवळ शांती मिळवायला येतच राहिली. अध्यात्म रोगापासून अभय देते असे असते, तर ते प्रथम यांना मिळाले असते.

मग अध्यात्माचे काम कोणते? येथे मला पुन्हा दासबोधाच्या त्याच समासाकडे यावेसे वाटते. रोगांची यादी सांगण्यापूर्वी, आरंभीच, समर्थांनी त्रिविध तापांनी पोळलेल्या माणसाविषयी एक गोष्ट सांगितली आहे: असा माणूस संतांच्या संगतीत शांत होतो. तेथे त्यांनी ‘निवणे’ हे क्रियापद योजले आहे. मराठीच्या शिक्षकाला हे क्रियापद फार मोलाचे वाटते. तापलेले दूध निवते, रागावलेला माणूस निवतो, डोळे निवतात. रोग ‘बरा’ होतो, माणूस ‘निवतो’. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पुष्कळदा रोग बरा होतो, पण माणूस निवत नाही. तपासण्यांचे सारे अहवाल चांगले येतात आणि रात्री झोप मात्र येत नाही. उलट कधी रोग बरा होण्यापलीकडे गेलेला असतो आणि तरीही माणूस निवलेला असतो. बरे करणे हे वैद्यकाचे क्षेत्र. निवणे हे अध्यात्माचे. त्यासाठी समर्थांनी सांगितलेला उपायही लक्षात घ्या: मंत्र नव्हे, ताईत नव्हे, ‘संग’.

आधुनिक वैद्यकालाही अखेर हे मान्य करावे लागले. सिसिली साँडर्स या मुळात परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या विदुषीने १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न रुग्णांच्या उशाशी बसून तिने ओळखले की त्यांची वेदना एकपदरी नसते. शरीराची वेदना, मनाची वेदना, माझ्यामागे घराचे काय ही वेदना, आणि माझ्या जगण्याला काही अर्थ होता का ही वेदना, हे चारही पदर एकत्र विणलेले असतात. पहिल्या पदरासाठी तिने मॉर्फिन नियमित वेळेला, वेदना उसळण्यापूर्वीच देण्याचा आग्रह धरला. येथे प्रार्थनेने भागणार नाही, हे त्या श्रद्धाळू स्त्रीला पक्के ठाऊक होते. चौथ्या पदरासाठी मात्र मॉर्फिन चालत नाही; तेथे ऐकून घेणारा माणूस लागतो. आपल्या देशात या धर्तीचे पहिले केंद्र, शांती आवेदना, १९८६ साली मुंबईत सुरू झाले.

आपल्यापैकी अनेक जण आज सत्तरी ओलांडलेले आहेत. कित्येकांची मुले पुण्या-मुंबईत, कित्येकांची परदेशात. औषधांची सोय आहे, पैशांचीही आहे. उणीव आहे ती संगाची. म्हणून शताब्दीच्या या मंगल प्रसंगी ग्रंथालयापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. जे सभासद अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना जिना चढून येथवर येता येत नाही, त्यांची यादी करावी. आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यांच्या घरी पुस्तक घेऊन जावे. पुस्तक देऊन लगेच परतू नये. अर्धा तास बसावे, त्यांना हवे ते वाचून दाखवावे. ज्ञानेश्वरी हवी असेल तर ज्ञानेश्वरी, चिं. वि. जोशींचा चिमणराव हवा असेल तर चिमणराव! चिमणरावाने हसून निवलेला माणूस कमी निवतो, असे मला वाटत नाही. आणि जाताना ‘औषध घेतले का?’ एवढे विचारावे. भोगाचा विषय काढू नये.

याला फार खर्च येणार नाही. दहा-बारा माणसे आणि एक वही पुरेशी आहे. पहिल्या आठवड्याच्या पहिल्या घरी जाण्यासाठी माझे नाव त्या वहीत लिहून घ्यावे, अशी विनंती ग्रंथपालांना करतो.